जानरावच्या तोंडावरचा नेम

वडनेर भोलजीच्या उकंडरावांनी जन्मभर भाजी पिकवली आणि नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात बसून विकली. माणूस अबोल. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसायचे, त्याचं बोलून संपेपर्यंत. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, प्रतीक्षानं, बीएस्सी झाल्यावर नोकरीमागे न धावता नांदुऱ्यात बसस्टँडच्या मागे शोभेच्या माशांचं दुकान टाकलं तेव्हा सारी भावकी हसली. भाजीवाल्याची पोरगी मासे विकणार, आणि तेही न खायचे. उकंडराव मात्र हसले नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी ते एका टाकीपुढे स्टूल ओढून बसले ते चहा निवून गेला तरी उठले नाहीत. घरी जाऊन रुख्मिणीबाईंना म्हणाले, पोरीनं पाण्याले खिडकी लावली.

त्या उकंडरावांच्या तोंडावर भर बाजारात जानराव थुंकला.

जानराव म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. रस्त्यांची कंत्राटं, दोन-चार संस्था, मागेपुढे माणसं. पान खायचा शौक असा की पांढऱ्या गाडीच्या दाराला बाहेरून कायमचे लाल ओघळ. त्या दिवशी मुख्य रस्ता खोदलेला होता म्हणून त्याची गाडी बाजाराच्या गल्लीतून निघाली. उकंडरावांचं टोपलं थोडं पुढे आलं होतं. हॉर्न वाजला. ते एका म्हातारीला जुडी बांधून देत होते, त्यांनी हात वर करून थोडं थांबायची खूण केली. तेवढ्यानं बिघडलं. गाडी पुढे आली, काच खाली झाली, आणि जानरावनं एक शब्द न बोलता तोंडातला सगळा तोबरा त्यांच्यावर सोडला. कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झालं. टोपी, सदरा, समोरची मेथी, सगळं. काच वर गेली. कुणीतरी हसलं, आणि गाडी टोपल्याला घासून निघून गेली.

प्रतीक्षा समोरच्या अंगाला डबा घेऊन उभी होती. मधे माणसं, सायकली, एक बैलगाडी. तिला पोहोचायला वेळ लागला तो असा कितीसा, पण तेवढ्यात शेजारचा टमाटेवाला आपले टमाटे रचण्यात गढून गेला होता, ती म्हातारी नाहीशी झाली होती, आणि उकंडरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसून त्याची लाल बाजू आत करून घडी घातली होती.

"डबा ठेव," ते म्हणाले. "दुकान उघडं टाकून आली का?"

पोलिसात जाऊ म्हणून ती भांडली, रडली. त्यांनी ऐकलं नाही. साक्ष कोण देणार, ज्यानं पाहिलं तोच उद्या म्हणेल की मी तिथं नव्हतो, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर ते बाजारात गेले नाहीत. रुख्मिणीबाई टोपलं घेऊन जायला लागल्या. उकंडरावांना एक सवय लागली. हातपंपावर गेले की ते तोंड धुवायचे, आणि धुतलं तरी पुन्हा धुवायचे. तळहातानं घासायचे, कातडी लाल होईपर्यंत. प्रतीक्षा रोज दुकानाला निघताना ते पाहायची. दुकानात ती गोड बोलायची, लहान पोरांना गोल्डफिश दाखवायची, पिशवीत हवा भरून रबर लावून द्यायची. मनात मात्र जानरावला तिनं दिवसातून कितीदा तरी रस्त्यावर पाडलं असेल.

नुसत्या मनातल्या रागानं काही होत नाही हेही तिला कळत होतं. तो तालुक्याचा भाऊ. ती बसस्टँडमागची मासेवाली.

अशात खामगावच्या एका डॉक्टरांनी तिच्याकडून मागवलेले मासे परत पाठवले. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडून तिनं ते मोठ्या मिनतवारीनं आणले होते. वीतभरही नाहीत, रुपेरी अंग, पाठीवर काळे पट्टे, तोंड टोकदार आणि डोळे मोठे. समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशी, जिथं गोडं आणि खारं पाणी मिसळतं, तिथं हा मासा राहतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किडा बसला की हा खालून तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो, किडा खाली पडतो, आणि पाण्याला लागतो न लागतो तोच हा गिळतो. प्रतीक्षानं त्याचं नाव पिचकारी मासा ठेवलं होतं. नांदुऱ्याचा भाग खारपाणपट्ट्यातला. वडनेरच्या त्यांच्या बोअरचं पाणी इतकं मचूळ की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पण तेच पाणी ती कॅनमधून दुकानात न्यायची, आणि हे मासे त्यात असे खूश होते की जणू गावीच आलेत.

डॉक्टरांच्या बाई स्वतः आल्या होत्या परत द्यायला. चिडलेल्या होत्या. झाकण उघडून वाकल्या तर माशानं सरळ डोळ्यात पिचकारी मारली होती. डोळ्याची चमक त्याला किड्यासारखी वाटते हे प्रतीक्षानं समजावून पाहिलं. बाईंना ते पटलं नाही.

"मला असा मासा नको," त्या म्हणाल्या. "हा तोंडावर थुंकतो."

प्रतीक्षाच्या हातात जाळी होती. ती तिनं हळूच खाली ठेवली. बाई गेल्यावर ती बराच वेळ त्या टाकीपुढे उभी राहिली. एक मासा वर आला, त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या चष्म्यावर नेमकी पिचकारी मारली. तिनं पुसली नाही.

त्या आठवड्यात तिनं मोबाईलवर सापडेल ते सगळं वाचलं. परदेशातल्या कुणी शास्त्रज्ञांनी या माशांना माणसांचे चेहरे ओळखायला शिकवल्याचं तिथं लिहिलं होतं. एका ठरावीक चेहऱ्यावर पिचकारी मारली की खाऊ, दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यावर मारली तर काही नाही. मासे शिकले होते. बीएस्सीला प्राणिशास्त्रात जे काही तिनं घोकलं होतं त्यातलं काहीच तिला एवढं मनापासून पटलं नव्हतं.

चेहरा मिळायला उशीर लागला नाही. जानरावच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दरवर्षी हायवेच्या फाट्यावर लागायचे. वाढदिवस सरला की लोक ते काढून नेत, कुणी गोठ्यावर टाकायचं, कुणी कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या, ढिगावर. रुख्मिणीबाईंनीही एक आणला होता, कुटार झाकायला, छापील बाजू खाली करून. प्रतीक्षानं तो ओढून काढला. हात जोडलेला जानराव, काळे कुळकुळीत केस, दाट मिशी, भरलेले गाल, खाली ‘भावी आमदार’ अशी अक्षरं. तिनं मोठी कात्री घेतली आणि चेहरा कापायला सुरुवात केली. कानाच्या कडा तिनं सावकाश कापल्या. हात मुद्दाम सैल सोडला असता तर पटकन झालं असतं, पण तिला पटकन नको होतं.

दुपारी बाजार सुस्तावला की ती शटर अर्धं ओढायची, मागच्या खोलीत जायची आणि तो चेहरा काठीला लावून टाकीवर धरायची. सुरुवातीला मासे तिच्याकडेच पाहायचे, कारण खायला देणारी ती. मग कधीतरी चुकून एकाची पिचकारी चेहऱ्यावर बसली आणि तिनं लगेच नाकतोडा टाकला. पुन्हा बसली, पुन्हा टाकला. नंतर तिनं दुसरे चेहरे आणले, कॅलेंडरवरचे, दुसऱ्या पुढाऱ्यांचे, एका साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा. त्यांच्यावर मारली तर काही मिळायचं नाही. मासे एकमेकांचं पाहून शिकत होते. एकाला नाकतोडा मिळाला की बाकीचे चवताळायचे. काही दिवसांनी साबणाची बाई टाकीवर आली तर ते ढुंकून पाहीनासे झाले, आणि जानराव आला की सगळे एकदम वर. पिचकाऱ्या चटाचट त्या भरल्या गालांवर, कपाळावर, मिशीवर बसायच्या, आणि पाणी हनुवटीवरून टपकायचं. प्रतीक्षाला तेव्हा इतकं बरं वाटायचं की तिला त्या बरं वाटण्याची थोडी भीतीही वाटली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शटर ओढायची.

एकदा रुख्मिणीबाई बाजारातून दमून थेट दुकानात आल्या आणि मागच्या खोलीत शिरल्या. त्यांनी काठीवरचा चेहरा पाहिला, माशांचा मारा पाहिला. प्रतीक्षाला वाटलं, आता बोलणी बसणार, देवाधर्माचं काही ऐकावं लागणार. त्या पाणी पिऊन निघून गेल्या. पण पुढच्या बाजारच्या दिवशी येताना टोपल्याच्या तळाशी त्यांनी एक प्लास्टिकची बाटली आणली होती. झाकणाला भोकं पाडलेली, आत जिवंत नाकतोडे.

"अजून लागले तं सांगजो," त्या म्हणाल्या. "बांधावर लय हायेत."

पुढं तालुक्याला कृषी प्रदर्शन भरायचं ठरलं. शेततळ्यात मासे पाळण्याचा एक स्टॉल हवा म्हणून आयोजकांनी प्रतीक्षाला विचारलं. उद्घाटन कोण करणार हे तिनं विचारलं नाही, कारण पत्रिकेवर जानरावचा फोटो आधीच छापलेला होता. तिनं फक्त एक अट घातली. स्टॉल प्रवेशद्वाराला लागून पाहिजे, पिचकारी मारणारा मासा आहे, लोक थांबतील. आयोजकांना ते फारच आवडलं. भाऊंच्या हातून आधी तोच दाखवू, पोरं व्हिडिओ काढतील, असं ते स्वतःच म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं टाकी कमी उंचीच्या टेबलावर ठेवली, वरचं झाकण काढलं, बोअरचं मचूळ पाणी काठाच्या जरा खालपर्यंत भरलं. आदल्या दिवसापासून मासे उपाशी ठेवले होते. तिनं नवा ड्रेस घातला होता. उकंडरावांना ती काही बोलली नव्हती. ते सकाळी नेहमीसारखे हातपंपावर होते.

ताशांच्या आवाजात जानराव आला.

तो तोच होता, तिनं त्याला लाखात ओळखलं असतं. पण तो फ्लेक्सवरचा नव्हता. फ्लेक्सवरचा फोटो बहुधा त्याच्या तरुणपणचा, वरून रंगवलेला. हा माणूस नुकताच हृदयाच्या दुखण्यातून उठला होता, गाल आत गेलेले, केस पांढरे, मिशी काढून टाकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. डॉक्टरांनी पानही सोडायला लावलं असावं, कारण ओठ फिकट होते. तिनं इतके दिवस माशांना ज्याच्यावर सोडलं होतं तो माणूस फक्त गोठ्यांवर उरला होता.

फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि आयोजकांनी भाऊंना टाकीपाशी आणलं. जानराव वाकला. मासे वर आले, त्यांनी त्याच्याकडे मोठ्या डोळ्यांनी पाहिलं. एक जरासा तिरका झाला आणि पुन्हा खाली गेला. साबणाच्या बाईला पाहून जायचे तसे.

"झोपले काय तुमचे मासे?" जानराव म्हणाला, आणि लोक त्याच्या विनोदाला हसले.

त्याच्या मागे त्याचा मुलगा प्रज्वल मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. प्रतीक्षानं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. मासे नीट दिसावेत म्हणून तो बापाच्या बाजूनं पुढे आला आणि टाकीवर ओणवा झाला. काळे कुळकुळीत केस, दाट मिशी, भरलेले गाल.

सगळे मासे एकदम वर आले. पहिली पिचकारी त्याच्या डोळ्यात बसली, दुसरी कपाळावर, आणि तो काय झालं म्हणून तोंड उघडतो तोच तिसरी थेट तोंडात. मोबाईल हातातून सुटता सुटता वाचला. मंडपात हशा पिकला. सगळ्यांत जोरात हसला तो जानराव. हसता हसता त्याला ठसका लागला, त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"तुह्या तोंडावर थुकला बे तो," तो मुलाला म्हणाला.

प्रतीक्षाची सगळी मेहनत मातीत गेली होती. जानराव कोरडा उभा होता आणि हसत होता. ती गप्प राहिली असती तर ही तालुक्यातली एक गंमत म्हणून संपली असती. पण ते शब्द त्याच्याच तोंडून आले होते.

"हासा भाऊ," ती म्हणाली. "माह्या बापाच्या तोंडावर तुमी थुकले तवाबी कोनीतरी असंच हासलं होतं."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण निवेदकानं माशांविषयी माहिती सांगायला म्हणून माईक तिच्यासमोरच धरून ठेवला होता. ते वाक्य मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. ताशेवाले थांबले.

"कोन बाप?" जानराव म्हणाला.

"उकंडराव. वडनेरचे. बाजारात मेथी घेऊन बसते ते."

जानरावनं आजूबाजूला पाहिलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि तो प्रयत्न खरा होता. मग त्यानं मोबाईल उंचावलेले हात पाहिले आणि आवाज मऊ केला. आपण कशाला कुणा शेतकऱ्यावर थुंकू, पोरीचा काहीतरी गैरसमज झाला, असं तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. प्रतीक्षाला त्या क्षणी कळलं की त्याला आठवत नाही. तो खोटं बोलत नव्हता. तिचा बाप रोज तोंड घासून लाल करत होता आणि या माणसाच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

मग तिनं सांगितलं. खोदलेला रस्ता, बाजाराची गल्ली, ती म्हातारी, वर केलेला हात, खाली झालेली काच. मेथीवर काय पडलं, टोपीवर काय पडलं. दुपट्ट्याची घडी कशी घातली ते. ती रडली नाही, थांबलीही नाही. निवेदकानं माईक मागे घ्यायचं धाडस केलं नाही, किंवा त्याला सुचलं नसावं. जानरावच्या एका माणसानं मधेच विचारलं की याला साक्षीदार कोण. प्रतीक्षानं मंडपात पाहिलं. त्या गल्लीत बसणारे कितीतरी जण तिथं होते. टमाटेवालाही होता. त्यानं मान खाली घातली.

"मी होतो."

प्रज्वल बोलला होता. चेहरा अजून ओला, एक डोळा लाल.

"प्रज्वल," जानराव म्हणाला.

"गाडी मी चालवत होतो, बाबा. काच तुमी खाली केली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अन् हासलो मी होतो."

जानराव मुलाकडे पाहत राहिला. मग तो वळला आणि भाषण न करताच चालू लागला. मागे माणसं धावली. प्रज्वल तिथंच उभा राहिला. त्यानं प्रतीक्षाकडे पाहिलं, जणू खरं बोलल्याबद्दल तिच्याकडून काहीतरी यायचं होतं. स्टॉलवर तिच्या हाताशीच कोरडा टॉवेल पडला होता. तो तिनं त्याला दिला नाही. तिनं माशांना नाकतोडे टाकले, कारण त्यांनी शिकवलेलं चोख केलं होतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जिल्हाभर झाला. मेहकरच्या डोणगावातून कुणी ओळखीच्या बाईंनी फोन केला, धाडच्या बाजारात लोक तो एकमेकांना दाखवत असल्याचंही कानावर आलं. चार दिवसांनी दुकानाच्या मालकानं गाळा रिकामा करायला सांगितलं. कारण विचारलं तर घरच्यांना लागतो म्हणाला, आणि नजर चुकवली. प्रतीक्षानं वाद घातला नाही. टेम्पोत टाक्या भरून ती वडनेरला आली आणि कांदे साठवायच्या चाळीत एका भिंतीला मांडून टाकल्या. गिऱ्हाईक तिथंही येऊ लागलं, बरेचसे पिचकारी मासा पाहायलाच. याचा तिला पश्चात्ताप नव्हता. तिला लागलं ते दुसरंच.

उकंडरावांनी तो व्हिडिओ शेजाऱ्याच्या मोबाईलवर पाहिला होता. पाहून ते मळ्यात निघून गेले आणि जेवायलाही आले नाहीत. ती त्यांच्यामागे गेली तेव्हा ते वांग्यांना पाणी देत होते.

"मले सांगून कराले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"तुमी करू देलं असतं का?"

"नाही."

थोड्या वेळानं पाटाला माती लावत ते म्हणाले, "बाजारात चार लोकाईनं पाह्यलं होतं. आता साऱ्या जिल्ह्यानं पाह्यलं."

तिनं बापाचा सूड घेतला होता आणि बापाला विचारलं नव्हतं. ती बांधावर बसून राहिली. त्यांनी तिला घरी जा म्हटलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. पुढं बरेच दिवस बापलेकीत जेवढ्यास तेवढं बोलणं होतं.

निवडणुकीचं वारं सुटलं तेव्हा एका सकाळी पांढरी गाडी त्यांच्या अंगणापुढे थांबली. दाराचे ओघळ धुऊन काढलेले होते. जानराव उतरला, मागून शाल-श्रीफळ घेतलेला एक जण आणि मोबाईल धरलेले दोघे. प्रज्वल नव्हता. तो म्हणे मामाकडे जळगावला राहायला गेला होता आणि बापाचा फोन उचलत नव्हता. प्रतीक्षा चाळीच्या दारात उभी राहिली. उकंडराव मळ्यातून आले, हातपाय धुतले, रुख्मिणीबाईंना पाणी आणायला सांगितलं आणि पाहुण्याला खुर्ची दिली. स्वतः बाजेवर बसले.

जानराव बोलायला लागला. झालं गेलं, माणसाच्या हातून चूक होते, आपण वडीलधारे, वगैरे. बोलणं पाठ केलेलं वाटत होतं. शालवाला पुढे सरकला.

"ते फोन खिशात ठिवा पह्यले," उकंडराव म्हणाले.

मोबाईलवाल्यांनी जानरावकडे पाहिलं, मग ठेवले.

"तुमाले आठवते का ते?"

"आठवते ना," जानराव म्हणाला. "म्हनूनच तं आलो."

"मंग सांगा बरं. मी कायले हात वर केला होता?"

जानराव थांबला. चष्मा काढून पुसला. रस्त्याविषयी काहीतरी पुटपुटला, टोपल्याविषयी. उकंडरावांनी त्याला घाई केली नाही. गिऱ्हाइकाचं बोलून संपायची वाट पाहत त्यांनी जन्म काढला होता. रुख्मिणीबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात थबकल्या होत्या. शालवाल्यानं शाल या हातातून त्या हातात घेतली.

"आठवत नाही तं माफी कायची मांगता?" उकंडराव शांतपणे म्हणाले. "पानी प्या अन् जा. जवा आठवन तवा या. एकटे या. तवा पाहू."

जानरावनं पाणी प्यायलं. दुसरं काही करण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं. तो उठला, गाडीत बसला. शालवाला नारळ बाजेवर ठेवून जाऊ पाहत होता, त्याला उकंडरावांनी तो परत न्यायला लावला.

गाडी फाट्याकडे वळेपर्यंत प्रतीक्षा दारात उभी होती. तिला पोट भरून जेवल्यासारखं झालं होतं. मंडपात सगळ्यांसमोर तिनं जे केलं त्यात एवढं सुख नव्हतं, आणि हे तिच्या बापानं खुर्ची देऊन, पाणी देऊन, आवाज न चढवता केलं होतं. उकंडराव तिच्याजवळून चाळीत शिरले. टाक्यांसमोरून एकदा चालत गेले, पिचकारी माशांपाशी थांबले आणि त्यांना नाकतोडे दिले का, म्हणून विचारलं. दिले नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःच बाटली उघडली.

जानरावला त्या वेळी तिकीट मिळालं नाही. त्याची माणसं सांगतात की ते तब्येतीमुळे. प्रतीक्षा तसं मानत नाही. तो पुन्हा वडनेरला आला नाही, पण गावातले लोक म्हणतात, पांढरी गाडी एक-दोनदा फाट्यावर येऊन थांबली, आत मागच्या सीटवर म्हातारा एकटाच बसलेला होता, आणि बऱ्याच वेळानं गाडी माघारी गेली. हे खरं की लोकांनी रचलेलं, तिला ठाऊक नाही. पण ते ऐकायला तिला आवडतं. कुणी गिऱ्हाईक सांगायला लागलं की ती हातातलं काम थांबवते आणि गाडी किती वेळ उभी होती ते खोदून खोदून विचारते.